गोल अडवणाऱ्याचंही नाव छापा की!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत छंदातून गुंतवणूक कशी करायची यावर तुम्ही अख्खं पान छापलंत. जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं, आणि शेवटच्या कॉलममध्ये स्पोर्ट्स कार्डं, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेली छोटी कार्डं. लेखकाने बर्फावरच्या हॉकीतला सगळ्यात मोठा स्टार वेन ग्रेट्झकी याच्या १९७९ सालच्या, ‘ओ-पी-ची’ नावाच्या कंपनीने काढलेल्या कार्डाचं उदाहरण दिलंय, ते २०२१ मध्ये साडेसदतीस लाख डॉलरला विकलं गेलं म्हणून, ते बरोबरच आहे, आकड्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण लगेच पुढच्या वाक्यात महाशय लिहितात की स्टार खेळाडू सोडले तर बाकीची कार्डं म्हणजे रद्दी, कोणी फुकट दिली तरी घरात आणू नका. आमच्या हिने ते वाक्य पेनाने अंडरलाइन केलं, पेपर माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि म्हणाली, घ्या, आता पेपरातपण आलं. तर त्या वाक्याला उत्तर म्हणून हे पत्र, जरा मोठं होणार आहे, आधीच सांगतो.

मी तो रद्दीवाला. माझ्याकडे रॉन टगनट या एकाच माणसाची कार्डं आहेत, १४० च्या वर, त्यातल्या २६ वर त्याची सही आहे. कोण टगनट? बर्फावरच्या हॉकीतला गोलकीपर, तिकडे गोली म्हणतात. आमच्या सोसायटीत अर्ध्या लोकांना वाटतं मी ध्यानचंद यांचे फोटो वगैरे जमवतो आणि त्यामुळे माझ्याबद्दल थोडा आदर आहे, मी तो गैरसमज फार मनावर घेऊन दूर केलेला नाही.

टगनट मोठा स्टार कधीच नव्हता. क्वेबेक, एडमंटन, अनाहाइम, मॉन्ट्रियल, ओटावा, पिट्सबर्ग, कोलंबस, डॅलस, अशा एनएचएलच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगच्या, आठ टीमा फिरला, १९८७ ते २००४ या काळात, आणि मधेमधे खालच्या लीगमध्ये फ्रेडरिक्टन, हॅलिफॅक्स, पोर्टलंड असंही. असे फिरते गोली तिकडे भरपूर. गॅरी स्मिथ नावाचा एक होता सत्तरच्या दशकात, त्याने इतक्या टीमा बदलल्या की लोक त्याला सूटकेस स्मिथच म्हणायचे. गोलीचं कसं असतं, टीममध्ये दोन, खेळतो एक, दुसरा टोपी घालून बेंचवर बसून दार उघडबंद करतो, आणि एक नंबरवाल्याचा गुडघा गेला की दुसऱ्या गावातून कोणाला तरी उचलून आणतात. मग ज्याला आणला तो घर शोधतो, पोरांची शाळा बघतो, तेवढ्यात त्या एक नंबरवाल्याचा गुडघा बरा होतो.

मला हा माणूस भेटला, म्हणजे दिसला, कॅनडातल्या ओटावात. १९९८ ला कंपनीने तिकडे पाठवलं होतं, वायटूकेची, म्हणजे २००० साल लागताना कॉम्प्युटर तारखांत गोंधळू नयेत म्हणूनची कामं जोरात होती, तेव्हा कोबोल ही जुनी कॉम्प्युटरची भाषा येणाऱ्याला फार विचारायचे. आठ महिने राहिलो. थंडी अशी की नाकातले केस गोठतात, आणि त्या थंडीत लोक रिडो कॅनॉलवर स्केटिंग करत ऑफिसला जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ऑफिसमधल्या एकाने मॅचचं जादा तिकीट दिलं, पार वरच्या रांगेतलं, आणि मला तिथून पक दिसेचना. खरं सांगतो, तीन इंची काळी चकती, एक इंच जाड, ती पळते कुठे आणि गोल कधी होतो काहीच कळेना. मग मी काय केलं, पक बघायचं सोडूनच दिलं आणि नुसतं गोलीकडे बघत बसलो. तो जिकडे सरकतो तिकडे पक असणार. तो टगनट होता. अंगाने किरकोळ, बाकीच्यांच्या मानाने तर पोरगाच वाटायचा, सहा फूट बाय चार फुटांच्या जाळीपुढे वाकून उभा, आणि सारखा डाव्या हाताने मागचा खांब चाचपत होता, जसं आपण गर्दीत पाकीट चाचपतो तसं. म्हणजे मागे न बघता आपण गोलच्या मधोमध आहोत ना हे कळावं म्हणून. एवढंच बघून मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्याचं कार्ड मागितलं. दुकानदाराने खोक्यात हात घातला, तीन काढली, तिन्ही मिळून एका कॉफीपेक्षा स्वस्त.

त्या सीझनला, १९९८-९९ ला, त्याची सरासरी १.७९ होती, म्हणजे साठ मिनिटांच्या खेळामागे खाल्लेले गोल, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी. त्या वर्षीचा सर्वोत्तम गोलीचा मान मात्र बफेलोच्या हाशेकला मिळाला, त्याची सरासरी १.८७. आता हाशेक हाशेकच होता, त्यात वाद नाही, आणि तो सामनेही कितीतरी जास्त खेळला होता कारण आमचा माणूस डेमियन ऱ्होड्सबरोबर निम्मं निम्मं वाटून खेळायचा. तरी मनात राहतंच.

पण त्याची खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. २१ मार्च १९९१, बॉस्टन गार्डन. त्याची तेव्हाची क्वेबेकची टीम त्या वर्षी इतकी वाईट होती की ८० सामन्यांत १६ जिंकले. बॉस्टनवाल्यांनी त्या रात्री गोलवर ७३ शॉट मारले, त्यातले ७० टगनटने अडवले, एकट्या रे बोर्कने १९ मारले होते. सामना ३-३ बरोबरीत. तेव्हा पेनल्टी शूटआउट नव्हतं, पाच मिनिटं जादा खेळायचं आणि तरी बरोबरी राहिली तर हात मिळवून घरी जायचं. शेवटच्या क्षणी बोर्कचाच एक शॉट त्याने पकडला आणि संपल्यावर बॉस्टनचेच खेळाडू त्याचं कौतुक करायला आले, पब्लिक उभं राहून टाळ्या वाजवतंय, दुसऱ्याच्या गोलीसाठी. प्लेऑफ, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्या, सोडल्या तर एका सामन्यात याच्याहून जास्त अडवलेत फक्त सॅम लोप्रेस्टीने, १९४१ साली ८०, तेही बॉस्टनसमोरच, पण तो सामना तो हरला. ७० वेळा अडवून टगनटच्या टीमला मिळाला एक पॉइंट.

यातली गंमत अशी की नऊ वर्षांनी त्याने परत ७० अडवले. २००० च्या मे महिन्यात, पिट्सबर्गकडून, फिलाडेल्फियासमोर, प्लेऑफला. मी तोवर पुण्यात परत आलो होतो. ५ मे, शुक्रवार, सकाळी नऊला डेक्कनवरचा सायबर कॅफे उघडला तेव्हा मी फक्त निकाल बघून ऑफिसला जाणार होतो, कारण मॅच आपल्या पहाटे पाचला सुरू झालेली, संपली असणार. बघतो तर १-१ आणि अजून चालूच. प्लेऑफला बरोबरी चालत नाही, गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटं खेळत राहायचं. मी पान रिफ्रेश करतोय, मॉडेम आपलं दळण दळतंय, कॅफेवाला दर अर्ध्या तासाने येऊन विचारतोय अजून बसणार का, आणि तिकडे दुसरा ओव्हरटाइम, तिसरा, चौथा. ऑफिसला फोन करून पोट बिघडलंय सांगितलं. आपल्याकडे दुपारचे बारा वाजून गेले, तिकडे पहाटेचे अडीच, पाचव्या ओव्हरटाइममध्ये कीथ प्रिमोने गोल केला आणि २-१. ७२ मधले ७० अडवून हरला बिचारा. कॅफेवाल्याला पैसे देताना तो म्हणाला, काय शेअर पडले का? मी म्हटलं, हो.

आता कार्डांबद्दल, कारण लेखकाला वाटतं कार्ड म्हणजे पुढचा फोटो. कार्डाची मजा मागच्या बाजूला असते. अडीच इंच बाय साडेतीन इंचात दर वर्षाची एक ओळ, वर्ष, गाव, किती सामने, किती जिंकले, हरले, बरोबरीत, सरासरी. ग्रेट्झकीच्या मागे गोलांचे डोंगर असतात, टगनटच्या मागे गावांची नावं. ही कार्डं मी पहिल्यांदा आमच्या बाबांना दाखवली तेव्हा त्यांनी पुढची बाजू बघितलीसुद्धा नाही, उलटं केलं, चष्मा वर करून दोन मिनिटं वाचलं आणि विचारलं, हा कुठल्या बँकेत होता?

बाबा बँकेत. बार्शी, उदगीर, चाळीसगाव, रोहा, पंढरपूर, परत बार्शी, मग पुणे. माझ्या पाच शाळा झाल्या. त्यामुळे त्यांना ते कार्ड म्हणजे डायरेक्ट सर्व्हिस बुकच वाटलं. १९९३-९४ च्या वर्षाला दोन ओळी आहेत, अनाहाइम आणि मॉन्ट्रियल, तर म्हणाले, फेब्रुवारीत बदली? मग पोरांच्या परीक्षेचं काय केलं असेल याने? १९९५-९६ ला एनएचएलची ओळच नाही, पोर्टलंडला खालच्या लीगमध्ये होता, तर म्हणे, काहीतरी मेमो मिळालेला दिसतोय, ग्रामीण शाखेत टाकलाय. आणि पुढच्या वर्षी ओटावा बघून खूष झाले, म्हणाले, आणला बघ परत. तो ओटावाला आला आणि १९९७ च्या एप्रिलमध्ये बफेलोविरुद्ध १-० ने जिंकून टीमला पहिल्यांदा प्लेऑफला घेऊन गेला हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली, हे त्यांना कार्डावरूनच कळलं होतं असा चेहरा करून.

सह्यांच्या बाबतीत तर बाबा माझे गुरू. एका विक्रेत्याकडून मी दोन सह्यांची कार्डं मागवली होती, बऱ्यापैकी पैसे मोजून, नाव नको. बाबांनी दोन्ही खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायला सांगितली, कार्डं जाड म्हणून दिसेना, तर ट्रेसिंग पेपरवर गिरवून घेतली. तंतोतंत बसली. रेघ न् रेघ, टी वरची आडवी काडीपण त्याच जागी सुरू आणि त्याच जागी बंद. बाबा म्हणाले, तीस वर्षं स्पेसिमन कार्डाशी सह्या ताडल्या, एका माणसाच्या दोन सह्या कधी सारख्या येत नाहीत, आल्या तर एक खोटी, आणि इथे बहुतेक दोन्ही. मशीनने केलेल्या होत्या, तसं मशीन असतं, ऑटोपेन म्हणतात. ती दोन कार्डं मी टाकली नाहीत, २६ मध्ये धरली मात्र नाहीत.

खऱ्या सहीतही घोळ होतात, आणि तो माझ्याच हाताने झालाय. पहिलं कार्ड मी ओटावातून निघायच्या आधी क्लबच्या पत्त्यावर पाठवलं होतं, सोबत परतीचं पाकीट तिकीट लावून, ते सही होऊन आलं पण सहीचा अर्धा भाग थेंबाथेंबाने तुटलेला, अळूच्या पानावर पाणी ठरत नाही तसं. कारण नव्या कार्डांना चकाकी असते, तिच्यावर मार्करची शाई धरत नाही. पाठवण्याआधी त्या जागेवर बेबी पावडर टाकून कापसाने हलकं चोळायचं, किंवा पांढरं खोडरबर फिरवायचं, की मग शाई बसते. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आज मी कोणाला दाखवताना ते बिघडलेलं कार्ड पहिलं काढतो. दुसरा शत्रू पाऊस. जुलैत कार्डं पापडासारखी वाकतात. प्रत्येक कार्ड आधी पातळ स्लीव्हमध्ये, मग कडक प्लॅस्टिकच्या कव्हरात, मग डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, त्या पुड्या मी नातेवाइकांच्या नव्या बुटांच्या खोक्यातून गोळा करतो, सगळ्यांना माहितीये. आणि पाकिटावर डू नॉट बेंड असं ठसठशीत लिहिलेलं असताना एका कुरिअरवाल्याने ते बरोब्बर मधोमध दुमडून आमच्या लेटरबॉक्समध्ये बसवलं होतं, त्याबद्दल लिहायला बसलो तर वेगळं पत्र होईल.

किमतीचं म्हणाल तर लेखक खरं बोलतोय, मी कबूल करतो. १९९०-९१ ला एकदम पाच-सहा कंपन्यांनी हॉकीची कार्डं काढली, अपर डेक, प्रो सेट, स्कोअर, सगळ्यांना वाटलं हे सोनं आहे, लोकांनी खोकीच्या खोकी माळ्यावर ठेवली, आणि सगळ्यांनीच ठेवल्यामुळे आज त्याला कोणी विचारत नाही. माझा सगळा संग्रह विकला तर एक बऱ्यापैकी मिक्सर येईल. हिचा जुना मिक्सर गेल्या महिन्यात बंद पडलाय, त्यामुळे हे उदाहरण आमच्याकडे फार वेळा दिलं जातं.

मग मी चिडलो कशाने? सांगतो, आणि इथून पुढचं लेखकाला नाही, तुम्हाला आहे.

मागच्या महिन्यात पिंपरीत नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमला कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला गेलो होतो, आपली हॉकी, टर्फवरची. सवयीने मी गोलकीपरकडेच बघत बसलो. इथला गोल केवढा असतो माहितीये का, बारा फूट रुंद आणि सात फूट उंच, बर्फावरच्या गोलच्या दुप्पट रुंद. त्यात एक काटकुळा पोरगा उभा, पॅड त्याच्यापेक्षा मोठे, एका पॅडचा बक्कल तुटलेला म्हणून सुतळीने बांधलेला. दुसऱ्या हाफमध्ये लागोपाठ तीन पेनल्टी कॉर्नर आले, तिन्ही अडवले, तिसरा तर जमिनीवर पडल्या पडल्या पाय उचलून बुटाच्या टोकाने. त्याची टीम ३-२ ने जिंकली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खाली जाऊन पेपर आणला. चार ओळी होत्या. पहिला गोल कोणी, कितव्या मिनिटाला, दुसरा कोणी, तिसरा कोणी, हरलेल्या टीमचे दोन गोल कोणी केले तेही होतं, प्रमुख पाहुण्यांचं नाव तर होतंच, हुद्द्यासकट. गोलकीपरचं नाव नाही. मग मी घरातली जुनी कात्रणं काढली, हॉकीची म्हणून जी काही ठेवली होती ती सगळी बघितली, एकाही बातमीत जिंकणाऱ्या गोलकीपरचं नाव सापडलं नाही. श्रीजेश खेळायचा तेव्हा त्याचं छापायचात, ते ठीक.

हे पुण्यात तरी होऊ नये. खडकीने धनराज पिल्ले दिला, त्यांचं नाव रिक्षावाल्यालाही माहितीये. १९९८ च्या बँकॉक एशियाडला त्यांच्याच कप्तानीत भारताने फायनलला कोरियाला हरवलं, ३२ वर्षांनी हॉकीचं सुवर्ण, आणि ते पेनल्टी स्ट्रोकवर आलं. ते स्ट्रोक अडवायला गोलमध्ये आशिष बल्लाळ होता. विचारा तुमच्याच ऑफिसात किती जणांना आठवतंय. खडकीच्या मैदानांवर, दापोडीकडे, कॅम्पात अशी कितीतरी माणसं असतील जी वीस वीस वर्षं आज या क्लबकडून उद्या त्या डिपार्टमेंटकडून गोलमध्ये उभी राहिली, त्यांचं कार्ड कोणी छापलं नाही, त्यांच्या मागे गावांची यादी नाही की सरासरी नाही. टगनटने १९९१ ला एका मंगळवारी का गुरुवारी किती अडवले ते मी तुम्हाला पुण्यात बसून सांगू शकतो (गुरुवार होता), आणि नेहरूनगरला माझ्यासमोर झालेल्या मॅचच्या गोलकीपरचं नाव मला तुमच्या पेपरातून कळत नाही.

मागणी साधी आहे. हॉकीच्या बातमीत गोल करणाऱ्यांच्या यादीनंतर कंसात दोन्ही गोलकीपरची नावं द्या. जमलं तर कोणी किती अडवले तो आकडा, तुमच्या वार्ताहराला मोजायला वेळ नसेल तर मी जाऊन मोजतो, रिटायर माणूस आहे, पीएमपीचा पास आहे. जागा कमी पडत असेल तर प्रमुख पाहुण्यांचा हुद्दा काढा. आणि हे पत्र मोठं वाटून कात्री लावायची झालीच तर ग्रेट्झकीला लावा, त्याचं काही बिघडत नाही.

राहता राहिलं त्या पोराचं. मॅच संपल्यावर मी खाली उतरलो, तो पॅडची सुतळी सोडत बसला होता. खिशात टगनटसाठी घेतलेला निळा मार्कर असतोच, पण कार्ड कुठून आणणार, पाकिटात माझं जुनं व्हिजिटिंग कार्ड होतं, त्याची मागची कोरी बाजू पुढे केली आणि म्हटलं, सही दे. तो म्हणाला, काका, कशाची सही, मी काही केलं का? म्हटलं, तीन कॉर्नर अडवलेस ना, त्याची. त्याने मित्रांकडे बघितलं, ते हसायला लागले, मग ग्लोव्ह काढून, कार्ड मांडीवरच्या पॅडवर ठेवून, परीक्षेच्या फॉर्मवर करतात तशी आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं अशी पूर्ण सही केली, आणि खाली तारीख टाकली. तारीख टाकायची असते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शाई मस्त बसलीये, चकाकी नसलेलं कार्ड होतं.

ते कार्ड डब्यात आहे, २७ वं. नाव हवं असेल तर मला कळवा, पत्ता तुमच्या ऑफिसात आहेच.

आपला,
एक जुना वाचक
कोथरूड, पुणे ३८